माई, ताई आणि टिकी

(स्टुलावर टॉवेलनं झाकलेलं काहीतरी. फुलाफुलांचा शर्ट घातलेला माणूस येतो.)

हसू नका. गोव्यात घेतलाय. हा घालून बेळगावच्या पिरनवाडी क्रॉसवर उभं राहिलं, की कुणीही विचारतं, "चोर्ला घाटानं जाणार काय अनमोडानं?"

मी उद्यमबागेत पॅटर्नमेकर. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी तस्साच लाकडी नमुना लागतो, तो करणारा. वीस वर्षं पंपाच्या बॉड्या कोरल्या. मग एकदा फोनवर टिकी बघितला, पॉलिनेशियातली लाकडी मूर्ती. डोळे वटारलेले, दात विचकलेले. म्हटलं, हा तर आपला फोरमन!

घरी सांगितलं, पोरांना टिकी शिकवणार. बायको म्हणाली, "बटाटे किती उकडू?"

पोरांना बसवलं. म्हटलं, न्यूझीलंडच्या मावरी लोकांत टिकी म्हणजे पहिला माणूस. ते खरं. पण अमेरिकेत दारूबंदी उठली त्या सुमाराला, 1933 मध्ये, हॉलीवूडला डॉन बीच नावाच्या गड्यानं टिकी बार काढला. बांबू, माशांची जाळी, सगळा थाट पॉलिनेशियन बेटांचा. आणि ताटात काय? चायनीज! वर गिऱ्हाइकं उठू नयेत म्हणून पत्र्यावर पाइपनं पाणी सोडायचा. पाऊस लागलाय, बसा आणखी एक घेऊन!

धाकटा म्हणाला, "पप्पा, आपल्या पत्र्यावर चार महिने फुकट पाऊस पडतोय. आपण का नाही काढला बार?"

माझी आई आतून, "काय शिकवालास रे पोरांना!"

मग माई ताई केलं. 1944 सालचं पेय, ओकलंडच्या व्हिक्टर बर्जरॉनचं. त्यात रम. मी रमच्या जागी कोकम घातलं, बदामाचं सरबत घातलं, करवंटीत ओतलं. (घोट घेतल्याचा अभिनय. तोंड वाकडं.) सोलकढीला ताप आल्यासारखं. थोरली म्हणाली, "माईला झालं, ताईला झालं. दादाला काय?"

शेवटी फणसाच्या ओंडक्यातून टिकी कोरला. तीन फुटी. रात्री परसात खड्डा मारायला घेतला आणि...

(थबकतो.)

पिरनवाडी. रात्र. पुतळा.

2020 च्या ऑगस्टात मराठी-कन्नड वादात इथं एका रात्रीत पुतळा उभा राहिला, तेव्हा पोलीस किती आले ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं! भिंतीवरून शेजारच्या काकांचं डोकं वर आलं.

"कुणाचा रे?"

"टिकीचा."

"मराठी का कन्नड?"

"पॉलिनेशियन."

"मग चालतंय की. त्यांची संघटना नाही इथं."

आठवडाभर पोरं टिकीपाशी. मला भरून आलं. मग कळलं, सातनंतर गणित केलं तर टिकीला राग येतो. शुक्रवारी त्याला पाव किलो कुंदा लागतो. मी बघतो तर ताटली रिकामी!

"कुणी खाल्ला?"

"टिकीनं."

धाकट्याच्या हनुवटीला कुंदा.

मी भडकलो. "असलं काही पॉलिनेशियात नाही! हे तुम्ही मनानं रचलंय!"

थोरली शांतपणे म्हणाली, "मग पप्पा, चायनीज होतं काय?"

(विराम. टॉवेल काढतो. टिकीच्या कपाळावर हळदकुंकू.)

हे मात्र पोरांचं नाही. हे आईचं. मंगळवारी नारळ फोडायचा म्हणते. आणि मला सांगितलंय, त्याच्यासमोर हा शर्ट घालून उभा राहू नकोस.

(शर्टाची बटणं काढत आत जातो.)