नऊ फुटी ओळ आणि पाच फुटी हौस

"भाऊ, ऐकलंत का? नाल्यापलीकडच्या पोरानं मल्चर आणलाय. पाच फुटी!"

"त्याचा तर मिनी ट्रॅक्टर ना, चोवीस एचपीचा?"

"तेच तर! दुकानदार म्हणाला, द्राक्षाची ओळ नऊ फुटी, एका फेरीत गवत साफ. ओळ मोजली, ट्रॅक्टर कुणी मोजायचा?"

"चोवीस काही कमी नाहीत, वहिनी."

"चोवीस बॉनेटवर लिहायला. पीटीओपर्यंत वीस-एकवीस पोचले तरी खूप. तसल्या मल्चरला पस्तीसच्या पुढं लागतात. गवत जरा दाट आलं की इंजिन गुदमरतं, आणि हा रेस वाढवतो."

"वजनही असेल की."

"असेल म्हणजे? लिफ्ट वर घेतली आणि ट्रॅक्टर भरल्या बैलगाडीसारखा उलार! स्टेअरिंग डावीकडं, ट्रॅक्टर सरळ."

"पुढं लावायची वजनं मिळतात ना?"

"मिळाली होती. गोठ्यात दाराला टेकण म्हणून ठेवलीत! आमचे हे म्हणाले, पिंपळगावला भुईकाट्यावर जा, अवजार उचलून फक्त पुढची चाकं काट्यावर चढव. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा तिथं भरला पाहिजे. पण ऐकतो कोण!"

"चार फुटी स्लॅशर होता ना त्याच्याकडं? त्या ट्रॅक्टरला अगदी मापात होता."

"विकला. का ते विचारा. ओळीच्या टोकाला यानं क्लच दाबला, तरी ट्रॅक्टर चालतच राहिला, तो थेट मांडवाच्या अँगलवर. स्लॅशरलाच भूत लागलंय म्हणाला."

"अहो, जड पाती फिरत राहतात, तीच शाफ्टमधून उलटी चाकांना ढकलतात. शाफ्टवर ओव्हररनिंग क्लच बसवला असता तर पाती एकटीच फिरून थांबली असती."

"हे त्याला तेव्हा सांगायचं नाही का? आता मल्चरसोबत शाफ्ट आलाय तोही मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा. लिफ्ट वर घेतली की नळीत नळी जाऊन टेकते."

"म्हणजे सगळा दाब पीटीओच्या बेअरिंगवर. कापून घ्यायला हवा. पण फार कापला तर अवजार खाली सोडल्यावर निसटायचा."

"कापेल तो, घाई भारी त्याला. कव्हर तर आधीच काढून फेकलंय. ग्रीस मारायला आड येतं म्हणे."

"अरे देवा. मिनिटाला पाचशे चाळीस फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक सापडलं तर माणसाला ओरडायलाही सवड नाही मिळायची."

"म्हणूनच म्हणते. तुमच्या ब्लोअरच्या शाफ्टला आहे ना कव्हर?"

"..."

"भाऊ?"

"असेल की. शेडमध्येच कुठंतरी."

"मग आधी ते शोधा. दुकानदारानं त्याला किती कमी करून दिले, ते नंतर सांगते."