भाऊबीज आणि एका तासाचा घोळ

"वहिनी, वाटी धरा. बामणोदच्या वांग्यांचं भरीत आहे, गरम आहे तोवर खा. अन् ऐकलं का, समोरच्या पोरीची भाऊबीज?"

"नाही बाई. काय झालं?"

"भाऊ न्यू जर्सीत. ही संध्याकाळी साडेसहाला ताट घेऊन, निरांजन लावून मोबाइलसमोर. तिकडे सकाळचे नऊ, असा हिशेब. फोन वाजून वाजून थकला. शेवटी उचलला तर भाऊराया अंथरुणातच! 'ताई, आठच वाजलेत गं.' आई तणतणली, सुनेनं मुद्दाम झोपवून ठेवला म्हणे."

"अव माय! तिचा काय दोष?"

"काही नाही. यंदा, २०२४ला, भाऊबीज आली ३ नोव्हेंबरला. नोव्हेंबरचा पहिला रविवार. त्याच दिवशी पहाटे दोनला तिकडची घड्याळं तासभर मागे केली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा; ही बहुतेक करंज्या तळत असेल."

"माझा भाचा लंडनला आहे, तिथं तर आठवडाभर आधीच झालं."

"२७ ऑक्टोबरला. तिकडे या पद्धतीला समर टाइम म्हणतात, अमेरिकेत डेलाइट सेव्हिंग. उन्हाळ्यात घड्याळ पुढे ढकलायचं, म्हणजे संध्याकाळी उजेड जास्त मिळतो; हिवाळ्याआधी पुन्हा मागे. अ‍ॅरिझोनात मात्र बहुतेक ठिकाणी काटा हलवतच नाहीत. शहाणे लोक."

"आपल्याकडे नाही बाई असलं काही."

"होतं की! भूगोल शिकवण्यात जन्म गेला माझा. महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, अख्ख्या देशाचं घड्याळ तासभर पुढे होतं. सासरे सांगायचे, कोणी वेळ सांगितली की आधी विचारायचं, नवा टाइम का जुना? पुढे गरज उरली नाही. न्यूयॉर्ककडे सगळ्यात मोठ्या अन् सगळ्यात छोट्या दिवसात जवळजवळ सहा तासांचा फरक, आपल्याकडे अडीचेक तासांचा. त्यात काय वाचवणार? अन् आपलं घड्याळ तसंही पुढेच, चालतं मिर्झापूरकडच्या रेषेवर. आपल्या जळगावच्या मेहरूणचा सूर्य त्याच्या सरासरी २८ मिनिटं मागेच असतो. म्हणून तर हिवाळ्यात तलावावर फिरायला जाणारे सकाळी सहा वाजता अंधारात ठेचकाळतात."

"मग आता फोन कधी करायचा?"

"९ मार्च २०२५पर्यंत आपल्या वेळेतून साडेदहा तास वजा, त्यानंतर पुन्हा साडेनऊ. समोरच्या घरी तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, सुनेची बाजू घेते."