१९ अंश, २५ मिनिटं आणि दीड लिटर

भाच्याने कॅनडाला परत जाताना आमच्या घरी तीन गोष्टी ठेवल्या. अर्धी उरलेली प्रोटीनची पावडर, एक पिवळं यंत्र आणि एक जबाबदारी. पावडर मी जास्वंदीला घातली, तिला मानवली. बाकीच्या दोन गोष्टी मला भोवल्या.

तिकडच्या थंडीत माणसं घरात गप्प बसत असतील असा माझा समज होता. पण हा सुट्टीच्या दिवशी रानात जाऊन लोकांनी लपवलेले डबे शोधतो. या उद्योगाला जिओकॅशिंग म्हणतात. एकाने डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे; बाकीच्यांनी उपग्रहांना विचारत विचारत तिथे पोचायचं, डब्यातल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवून घरी यायचं.

"म्हणजे डबा आणायचा नाही?" हिने विचारलं.

"नाही."

"आत काय असतं?"

"वही. आणि पेन्सिल."

हिने माझ्याकडे पाहिलं ते पाहणं लग्नानंतर फारच थोड्या वेळा पाहिलंय.

मी बाजू सावरायला इतिहास काढला. पूर्वी अमेरिका आपल्या जीपीएस उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळायची, त्यामुळे सामान्य माणसाचं यंत्र शंभरेक मीटरपर्यंत थापा मारायचं. २ मे २००० रोजी ही भेसळ बंद झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगनमध्ये रस्त्याकडेला एक बादली अर्धी पुरली, तिच्यात वही-पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा डबा ठेवला आणि पत्ता इंटरनेटवर टाकला. आमच्याकडचे लोक असते तर त्यांनी आधी शेजाऱ्याचा बांध मोजला असता. त्याने बादली पुरली. देशादेशांत फरक असतो.

शिवाय डब्यात डबा लपवण्याचा मान आमच्याच मातीचा. आमच्या वटार गावाहून जवळच सोपाऱ्याला बुरूड राजाचा किल्ला म्हणून टेकाड होतं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं, तेव्हा तो स्तूप निघाला. पोटात दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही सापडलं. आता जिओकॅशिंगचा नियम असा, की डब्यातलं काही घेतलंत तर तेवढ्याच मोलाचं दुसरं काही ठेवा. सातवाहनांच्या काळात कोणीतरी ठेवणीचा भाग प्रामाणिकपणे पार पाडला होता. फक्त वही नव्हती. हिला हे सगळं ऐकवलं तर म्हणाली, "पण ते सोनं होतं."

आता जबाबदारी. या खेळाचे नियम कडक आहेत. सुट्टीत आलेल्याने डबा लपवून निघून जायचं नाही. मागे देखभाल करणारा जवळपास राहणारा माणूस हवा. "मामा, तो तुम्ही," भाचा म्हणाला. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर हवं. वटारात १६१ मीटरमध्ये दोन विहिरी, एक क्रूस, एक देऊळ आणि तीन जुनी भांडणं येतात, पण डबे नव्हते, म्हणून तेही जमलं. अडलं ते तिसऱ्या नियमापाशी: जागेच्या मालकाची परवानगी. डबा आमच्या सामाईक वाडीत ठेवायचा होता आणि त्या वाडीच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत. त्यातली चार वारली आहेत, दोन ऑस्ट्रेलियात आहेत, आणि उरलेल्यांची एका कागदावर सही मिळाली असती तर आम्ही वाटण्याच नसत्या का केल्या? तेव्हा डब्याची अधिकृत नोंदणी बारगळली. डबा घरगुती राहिला. नेमका कुठे, ते मात्र भाच्याने सांगितलं नाही. "सांगितलं तर मजा काय?" विमानतळावरून व्हॉट्सॲपवर आकडे पाठवले: १९ अंश २५.३ का काहीतरी, ७२ अंश ४६.८ का काहीतरी. "महिन्यातून एकदा बघून या, डबा कोरडा आहे ना."

हातात मोबाईल असताना पिवळं यंत्र कशाला, म्हणून मी आकडे मोबाईलच्या नकाशात भरले. मोबाईलने डोळा मिटून उघडायच्या आत उत्तर दिलं: डबा ३८ किलोमीटरवर, नैर्ऋत्येला, गोराईसमोरच्या खोल समुद्रात. पायी जाण्याचा मार्ग उपलब्ध नाही.

"अर्नाळ्याहून होडी सांगू का?" ही म्हणाली.

चूक माझी होती. २५.३ मिनिटं म्हणजे पंचवीस मिनिटं आणि मिनिटाचा तीन दशांश. साठ मिनिटांचा एक अंश. मी सगळं दशांश समजून १९.२५३ आणि ७२.४६८ असं ठोकून दिलं. त्या साठने भागायच्या गणिताने मला दक्षिणेला जवळजवळ एकोणीस आणि पश्चिमेला तेहतीस किलोमीटर फेकलं. बँकेत चौतीस वर्षं काढली. दशांशचिन्हाने इतकं लांब कधी नेलं नव्हतं. फार तर ठाण्याच्या ऑफिसात.

मोबाईलवरचा विश्वास उडाल्यामुळे दुसऱ्या दिवशी पिवळं यंत्र घेतलं. गार्मिनचं ई-ट्रेक्स, जुनी जात, साबणाच्या वडीएवढं. दोन पेन्सिल सेल घातले की वीसेक तास चालतं. त्यात नकाशा नाही, फक्त एक बाण आणि आकडा. त्याला टॉवरची गरज नाही. ते थेट वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांचं ऐकतं. उपग्रह आपल्या सगळ्या ताफ्याचं पंचांग आकाशवाणीसारखं वाचत असतात, ते पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात, आणि बरेच महिने बंद असलेलं यंत्र ते ऐकल्याशिवाय जागचं हलत नाही. मोबाईल तेच पंचांग टॉवरकडून तयार मागवतो आणि आपणच काढलं असा आव आणतो. मला यंत्राची तऱ्हा आवडली. फलाटावर उभं राहून अनाउन्समेंट शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय विरार लोकलमध्ये पाय न टाकणारी माणसं असतात, त्या जातीचं.

तर मी आळीच्या तोंडाशी, यंत्र आकाशाकडे धरून साडेबारा मिनिटं उभा.

पाचव्या मिनिटाला पहिलं कुंपण उघडलं. "मोजणी आली का?"

मी म्हटलं, "नाही हो, डबा शोधतोय."

ते हसले. समजूतदारपणे हसले. ज्या गावाने २००९ मध्ये महापालिका झाल्यावर 'आमचं गाव वगळा' म्हणून मोर्चे काढले, त्या गावात कोणी हातात यंत्र घेऊन जमिनीकडे आणि आकाशाकडे आलटून पालटून पाहायला लागला, की तो डबा शोधत नसतो. मी वळणावर पोचेपर्यंत रस्ता नऊ मीटर रुंद झाला होता. बावखलापाशी, म्हणजे आमच्याकडच्या तळ्यापाशी, पोचलो तेव्हा तो अठरा मीटर झाला होता आणि बावखल बुजणार होतं. मागे सात माणसं. एकाने घरून पिवळा पडलेला फाळणी नकाशा आणला होता. दुसऱ्याने मला बाजूला घेऊन चिकूचं झाड दाखवलं. "एवढं वाचवा. आजोबांनी लावलेलं आहे."

"अहो, मला ओळखत नाही का? मी तुमच्याच आळीतला!"

"म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला. "घरचा माणूस आत असला तर बरं."

यंत्र ३१ मीटर दाखवत होतं. पण सात माणसं घेऊन गुप्त डब्यापाशी जाता येत नाही. मी यंत्र खिशात घातलं आणि घरी आलो. संध्याकाळी एका घरून पपई आली. चिकूवाल्यांकडून.

हीच पपई कापताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोबाईल आणि यंत्र यांत कोण अचूक हा वाद निरर्थक आहे. मोकळ्या आकाशाखाली दोघं चार-पाच मीटरच्या आत आणून सोडतात. मोबाईलची स्क्रीन उन्हात दिसत नाही, घामाच्या बोटाला दाद देत नाही, दुपारपर्यंत बॅटरी उतरते, हे सगळं कबूल. पण मोबाईल हातात धरून तुम्ही गावात कुठेही, कितीही वेळ, कशाकडेही वाकून उभे राहा, तुम्हाला कोणी काही विचारत नाही. यंत्राने माणूस सरकारी दिसतो. मोबाईलने माणूस दिसतच नाही.

तिसऱ्या दिवशी साठने नीट भागून निघालो. आळीत दोन पोरं मोरीच्या कठड्यावर मान खाली घालून बसलेली, मीही मान खाली घातलेली; आम्ही एकमेकांना न बघता ओलांडलं. कालचे नकाशावाले गृहस्थ गेटात उभे राहून मोबाईलमध्ये बघत होते. "काय, बरं आहे ना?" एवढंच, तेही मोबाईललाच विचारल्यासारखं. कोणाला काही पडली नव्हती, त्यामुळे पुढे शेणखताचा खड्डा आहे हेही कोणी सांगितलं नाही. उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. यंत्राच्या दिवशी सात माणसांनी हात धरून बाहेर काढलं असतं.

वाडीत शिरल्यावर माडांच्या झावळ्यांनी आणि केळीच्या पानांनी आभाळ झाकलं, आणि आकडा पिसाळला. चार मीटर. अकरा. सहा. चौदा. मी न हलता. मोबाईलने सुचवलं की होकायंत्र बिनसलंय, हवेत इंग्रजी आठचा आकडा काढा. मी रायवळ आंब्यासमोर उभा राहून मोबाईल आठच्या आकारात फिरवू लागलो. तेवढ्यात शेजारच्या मावशी फुलं खुडून परत येत होत्या. त्या थबकल्या, टोपली खाली ठेवली आणि आंब्याला हात जोडले.

"दृष्ट काढताय होय? मागच्या साली मोहोर गळला खरा."

मी 'हो' म्हणालो. इतकं सोपं कारण मला स्वतःला सुचलं नसतं.

दोन मीटर उरले असताना फोन वाजला. माझ्या कर्जाची काळजी असलेली एक मुलगी बोलत होती. बोलणं संपवून पाहतो तो समोर जुनी विहीर, आणि रहाटाच्या दगडी खांबात एक खोबण. भाच्याने लहानपणी गोट्या लपवायची जागा! मी हात घातला. खोबण रिकामी.

"काय शोधताय भाऊ?" मावशी अजून तिथेच होत्या.

"डबा होता इथे. हिरवा."

"तो होय! तो माझ्याकडे आहे. झाकण घट्ट बसतं त्याचं, पडवळाचं बी ठेवलंय त्यात. मुंग्या लागत नाहीत."

त्यांच्या पडवीत डबा खुंटीखाली होता. कोरडा, अगदी कोरडा. भाच्याने ठेवलेला मेपलच्या पानाचा कीचेन त्यांच्या कपाटाच्या किल्लीला लागला होता. मी नियम सांगितला: घेतलंत तर तेवढ्या मोलाचं ठेवायचं. "मग ठेवलंय की," त्या म्हणाल्या आणि बियांकडे बोट दाखवलं. गावरान पडवळाच्या बियांपुढे निकेलचं पान काय?

"आणि वही?"

वही दाराला सुतळीने टांगलेली होती, पेन्सिलसकट. पहिल्या पानावर भाच्याने इंग्रजीत लिहिलं होतं की अभिनंदन, तुम्ही शोधलंत, नाव आणि तारीख लिहा. त्याखाली तारखा होत्या. रोजच्या, एकही न चुकवलेल्या. प्रत्येक तारखेसमोर दूधवाल्याचा हिशोब: दीड, दीड, दीड, दोन, दीड.

"तारीख लिहा म्हणून छापलंय ना," मावशी म्हणाल्या. "नातवाने वाचून दाखवलं."

मी पेन्सिल घेऊन माझं नाव कुठे बसतं ते पाहू लागलो. ज्या दिवशी मी पिवळं यंत्र घेऊन सात माणसांची वरात काढली होती, त्या तारखेसमोर मावशींनी एकच शब्द लिहिला होता: खाडा.

"त्या दिवशी दूधवाला आळीत शिरलाच नाही," त्या म्हणाल्या. "कोणी म्हणाला, मोजणीवाले आलेत."

मी खाड्याच्या पुढे सही केली.