कोरी पाटी मिळाल्याची पोच

प्रति,
मा. प्राचार्य व समस्त प्राध्यापकवर्ग,
कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय,
(गाव कोणतेही चालेल.)

विषय : आपण पाठवलेले पदवीधर मिळाल्याबाबत.

महोदय / महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन की, आपण यंदा रवाना केलेले पदवीधर आमच्या विधी महाविद्यालयात सुखरूप पोहोचले. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मायग्रेशन सर्टिफिकेट, मध्ये वर्ष गेले असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र, सगळे जागच्या जागी होते. मुलेही चांगली आहेत, हुशार आहेत. तीन वर्षे आपल्या ताब्यात राहूनही त्यांच्या बुद्धीला कुठे ओरखडा गेलेला दिसत नाही. मी एलएल. बी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कोर्टात तारखा घेतो. त्यामुळे हा माल पुढे कुठे खपतो, तेही मला दिसते. तेव्हा आभार मानणे माझेच काम.

बार कौन्सिलचे मन आधीच मोठे आहे. २००८च्या नियमांप्रमाणे कोणत्याही शाखेची पदवी आणि खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण एवढ्यावर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसता येते. विषय कोणता घेतला होता, हे कुणी विचारत नाही. तरीही दर जूनमध्ये एखादे पालक गाठतातच. "सर, मुलीला पुढे लॉ करायचंय. बी. ए.ला पॉलिटिकल सायन्सच घ्यायला हवं ना?" मी सांगतो, टिळकांनी डेक्कन कॉलेजात गणित घेतले होते. आंबेडकरांनी एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी. ए. केले. गजेंद्रगडकर संस्कृतचे एम. ए., पुढे १९६४ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे संस्कृतचे पंडित आणि मुंबई हायकोर्टातले वकील. वकिलीला कोणताही विषय चालतो, एवढे यावरून सिद्ध होते. आपण एक पाऊल पुढे टाकून दाखवलेत : विषय नसला तरी चालतो.

मी पहिल्या तासाला सगळ्यांना विचारतो, पदवीच्या वर्षांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले एखादे पुस्तक सांगा. वर्ग माझ्याकडे दयेने पाहतो. "सर, नोट्स होत्या ना." अर्थशास्त्राच्या पदवीधराने आंबेडकरांचे रुपयाच्या प्रश्नावरचे पुस्तक पाहिलेले नसते, पण त्यावरची पाच गुणांची टीप त्याला १९२३ या प्रकाशनवर्षासकट तोंडपाठ असते. इतिहासवाल्याने एकही मूळ पत्र वाचलेले नसते, मराठीवाल्याने नेमलेली कादंबरी वाचलेली नसते, तिचे 'कथानक' मात्र वाचलेले असते. मूळ ग्रंथ आणि विद्यार्थी यांची गाठ पडू नये म्हणून अपेक्षित प्रश्नसंच, झेरॉक्सवाला आणि व्हॉट्सॲप ग्रुप असा तिहेरी बंदोबस्त आपण ठेवलात, त्याला तोड नाही.

त्याचे फळ आम्हाला कसे मिळते ते सांगतो. भारतीय न्याय संहिता, कलम ३०३, चोरी. जुन्या दंड संहितेत ते ३७८ होते. १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला, चोर तेच राहिले. व्याख्या एका वाक्याची आहे. मी एकाला उभे करून वाचायला सांगतो. तो अर्ध्यावर थांबतो, मान वर करतो आणि म्हणतो, "म्हणजे सर, दुसऱ्याच्या मालकीची वस्तू न विचारता घेणे." वाक्यात मालकी कुठे दिसली, विचारले की तो पुन्हा पाहतो. तिथे ताबा आहे. मग मी खालचे उदाहरण वाचायला लावतो. एकाने आपले घड्याळ दुसऱ्याकडे गहाण ठेवले आणि पैसे न फेडताच, त्याच्या संमतीशिवाय, ते त्याच्या ताब्यातून काढून घेतले. घड्याळ स्वतःचे, तरी चोरी. वर्ग चरकतो. स्वतःच्याच वस्तूची चोरी! मागच्या बाकावरून तक्रार येते : "सर, हे गाईडमध्ये नाहीये." खरेच नसते. जुन्या दंड संहितेच्या मेकॉलेने केलेल्या १८३७च्या मसुद्यात ही उदाहरणे मुद्दाम घातली होती, नुसत्या व्याख्येवरून अर्थ कळायचा राहिला तर उदाहरणावरून कळावा म्हणून. पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी गाईडवाल्यांनी पाने वाचवायला ती गाळली. आणि ज्याला तीन वर्षांत मूळ पान उघडायची सवयच लागली नाही, त्याला काही गाळले आहे याचा पत्ता कसा लागणार?

वाणिज्य शाखेचे विशेष आभार. हिंदू कायद्यात मी एक खटला हमखास शिकवतो, गुरुपाद विरुद्ध हिराबाई. सांगलीच्या कोर्टात एका विधवेने वाटणीचा दावा लावला. पती १९६० मध्ये वारलेले. मागे ती, दोन मुलगे, तीन मुली. ती म्हणाली, माझा हिस्सा सात चोविसांश. पहिल्या कोर्टाने दिला एक चोविसांश. हायकोर्टात तिचे म्हणणे मान्य झाले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी ते कायम केले. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे हिशेब असा : पतीच्या मृत्यूच्या लगेच आधी वाटणी झाली असे धरायचे. पती, पत्नी आणि दोन मुलगे यांना पाव-पाव. मग पतीच्या पावाचे सहा वारसांत सहा भाग. पत्नीला वाटणीतला स्वतःचा पाव आणि शिवाय पतीच्या पावातला सहावा भाग. भांडण बेरीज चुकली म्हणून नव्हते. कोणता आकडा कशात मिळवायचा, याचे होते, आणि कायदा तिथेच आहे. मी फळ्यावर १/४ अधिक १/२४ लिहून खडू पुढे केला. बी. कॉम., प्रथम श्रेणी. त्याने सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिले : २/२८. म्हणजे एक चौदांश. पहिल्या कोर्टापेक्षा बाईंना त्याच्याकडून बरेच जास्त मिळाले असते, एवढे मी त्याच्या बाजूने म्हणेन.

चेक परत येण्याच्या फिर्यादीतही कायदा आकड्यांतच आहे. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला, तोवर आले नाहीत तर त्यापुढे एका महिन्यात फिर्याद. एका ठिकाणी दिवस लिहिले आहेत, दुसऱ्या ठिकाणी महिना. मध्ये फेब्रुवारी आला की काय होते, हे ज्याला आपणहून सुचते त्याचे अशील वाचतात.

विज्ञानवाल्यांची तयारी त्यातल्या त्यात व्यवहारी. प्रयोगवहीत आदल्या वर्षीची रीडिंग उतरवायची, आलेख आधी काढायचा आणि बिंदू मागून त्यावर बसवायचे. आमच्याकडे साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे तयार करताना ही विद्या फार कामाला येते. तीन साक्षीदार, तिघांचा मजकूर स्वल्पविरामासकट एकच. उलटतपासणीत पहिलाच कोसळतो.

लेखनाबद्दल तर किती लिहावे! मी वर्गाला भाडे थकल्याची नोटीस लिहून आणायला सांगितली. साधी नोटीस : जागा कोणती, भाडे किती, कोणत्या महिन्यापासून थकले, किती मुदतीत भरा. एकाची सुरुवात अशी : 'मानव हा समाजशील प्राणी आहे. अन्न, वस्त्र आणि निवारा या त्याच्या मूलभूत गरजा होत.' भाडेकरू दुसऱ्या पानाच्या तळाशी उगवला. रक्कम तिसऱ्या पानावरही आली नाही, समारोप मात्र होता, अधोरेखित. त्या मुलाची चूक नाही. प्रस्तावना, स्पष्टीकरण, समारोप आणि वर दोन पुरवण्या, हे त्याला तीन वर्षे गुण देऊन शिकवले गेले. कोर्टात "वकीलसाहेब, मुद्द्यावर या" असे ऐकू आले की आपल्याला कुणी तरी अडवते आहे, असेच त्याला वाटणार.

मराठी की इंग्रजी, हा प्रश्नही आपण निकालात काढलात. महाराष्ट्रात तालुका-जिल्हा कोर्टांची भाषा मराठी आहे. हायकोर्टात घटनेच्या कलम ३४८मुळे इंग्रजी. वकिलाला दोन्ही घाटांवर उतरावे लागते. आपले विद्यार्थी दोन्हीकडे सारखेच बुडतात. वादपत्रात 'प्रॉपर्टीचे पझेशन आमच्याकडेच कंटिन्यू आहे' आणि अपिलाच्या इंग्रजीत क्रियापद गायब. त्यातून कैफियत, दरखास्त, चतुःसीमा हे शब्द कानावर पडले की पुणेकर मुलगासुद्धा परदेशात आल्यासारखा बघतो.

आमच्या प्रवेश परीक्षेनेही आपल्याला कधी उघडे पाडले नाही. सीईटीत सगळे प्रश्न पर्यायी, चुकल्यास गुणही कापत नाहीत. पदवीनंतर सनद घेऊन अखिल भारतीय बार परीक्षेला बसले, तर तिथेही पर्यायच. या परीक्षेत टिपणे नसलेली कायद्याची मूळ पुस्तके सोबत नेऊ देतात. पुस्तक हातात, उत्तर पुस्तकात, आणि घड्याळ पुढे पळते आहे : अशा वेळी अनुक्रमणिका उघडावी हे सुचायलासुद्धा आयुष्यात कधी तरी पुस्तक उघडलेले असावे लागते.

थोडा वेळ आभार बाजूला ठेवतो. कायदा आम्ही शिकवू. कलमे बदलतात, निवाडे उलटतात. ते तीन वर्षांत होते आणि पुढे जन्मभर चालू राहते. पण दुसऱ्याने लिहिलेले पान शांतपणे, पुरते वाचायचे, त्यात जे आहे तेवढेच पाहायचे आणि ते प्रामाणिकपणे आठ ओळींत स्वतःच्या शब्दांत सांगायचे, हे शिकवायला आमच्या वेळापत्रकात तास नाही. तो तुमच्याकडे होता. ज्ञानेश्वरी घेऊन करता आले असते, ताळेबंद घेऊन करता आले असते, बेडकाची आकृती घेऊनही. विषयाला दोष देऊ नका. विषय बिचारा तीन वर्षे हजर होता.

असो. आभाराकडे वळतो, कारण आपल्या व्यवस्थेतही काही फितूर आहेत, त्यांच्याबद्दल सावध करणे माझे कर्तव्य आहे. इतिहासाचे एक प्राध्यापक वर्गात एकाच लढाईबद्दलची बखर आणि त्या काळातले पत्र अशी दोन्ही वाटतात आणि विचारतात, कुणावर विश्वास ठेवाल आणि का? लिहिणारा तिथे होता, की ऐकून लिहितो आहे? लढाईनंतर किती वर्षांनी? कुणाच्या पदरी होता? अशांचे विद्यार्थी आमच्याकडे आले की पुरावा कायद्याचा निम्मा पेपर त्यांना आल्यासारखाच असतो, आणि आमच्या मास्तरांना काम उरत नाही. त्यातल्या दोघांना मोडी वाचता येते, हे तर फारच झाले. जुन्या जमिनींच्या दाव्यांत मोडी कागद निघाला की वाचणारा शोधत तारखा जातात. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्या. शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी जाणणाऱ्यांचा भाव एकदम वधारला. तेव्हा मोडी हा विषय 'ॲड-ऑन'च्याही खाली कुठे तरी ठेवावा, क्रेडिट देऊ नये, ही विनंती.

कळावे, लोभ आहेच.

आपला नम्र,
पहिल्या वर्षाचा एक मास्तर

ता. क. : एक तक्रार राहिली. आपल्याकडून बी. एस्सी. वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी आली आहे. झाड ओळखायच्या सारणीवर तिच्या बाईंनी म्हणे तीन वर्षे घासून घेतले : पाने समोरासमोर असतील तर अमुक ओळ, नसतील तर तमुक, केस असतील तर पुन्हा मागे. त्यामुळे 'परंतु' आणि 'तथापि' आले की बाकीचा वर्ग डुलकी घेतो आणि ही पेन्सिल काढते. घड्याळाचे उदाहरण मी शिकवले, तर तिने त्याच्या वरची दोन वाचून ठेवलेली. दुरुस्तीला दिलेले घड्याळ, दुकानदाराचे काही देणे नसताना उचलून आणले तर चोरी नाही. देणे असताना, अडकवून ठेवलेले आणले तर चोरी. मग तिने विचारले, "सर, देणं आहे की नाही, यावरच वाद असेल तर?" मी पुढच्या तासाला सांगतो म्हणालो. आता प्रत्येक तासाआधी मला मूळ कायदा काढून वाचावा लागतो, आदल्या रात्री, उदाहरणांसकट. या वयात हे झेपत नाही. एकाच महाविद्यालयातून एका वर्षी अशा दोघी पाठवू नयेत, आणि पाठवायच्याच असतील तर निदान मे महिन्यात कळवावे.