तीन महिने गुपचूप

आमच्या घरी गोड बातमी तीन महिने कुणाला सांगत नाहीत. दृष्ट लागते. मी इंग्लंडात लेस्टरला येऊन राहिले तरी दृष्टीला काही व्हिसा लागत नाही, म्हणून मीही गप्प राहिले. आईला नाही, सासूबाईंना नाही, आणि शिस्त अंगात इतकी मुरलेली की डॉक्टरलाही नाही. चौथा महिना लागल्यावर थाटात मिडवाइफसमोर जाऊन बसले. तिने विचारलं, "फॉलिक ॲसिड कधीपासून घेतेस?"

"आजपासून घेईन की!" मी म्हटलं.

माझ्या उत्साहाचं तिला काडीचं कौतुक वाटलं नाही. रोज 400 मायक्रोग्रॅमची ही गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत घ्यायची. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटलेली असते. आपण कॅलेंडरसमोर उभं राहून बोटं मोजत असतो, तोवर आतलं काम उरकलेलंसुद्धा असतं. (स्कॅन व्यवस्थित आला. घाबरू नका, मी तुमच्या वाटचं घाबरून घेतलंय.)

बातमी फुटली आणि माहेरहून, सासरहून पार्सलं सुरू झाली. शतावरी कल्प. डिंकाचे लाडू. अळिवाची पुडी, तीवर ठसठशीत अक्षरांत ताकीद : 'बाळंतपणानंतर. आधी हात लावू नये.' शार्क लिव्हर ऑइलच्या पिवळ्या गोळ्या. शिवाय रक्त वाढायला कलेजी खा, हा आईचा फोनवरचा रोजचा पाढा. हे सगळं पिशवीत घालून मी शाबासकीच्या आशेने मिडवाइफकडे नेलं. तिने माशाच्या यकृताचं तेल बाजूला काढलं आणि कलेजीवर बंदी घातली. दोन्हींत अ जीवनसत्त्व इतकं, की बाळाला बाधू शकतं. डिंकाचा लाडू मात्र तिने अख्खा खाल्ला आणि गंभीरपणे विचारलं, "ही गोळी दिवसातून किती वेळा?"

ड जीवनसत्त्वाच्या 10 मायक्रोग्रॅमवरून वेगळंच रामायण झालं. आपल्या सावळ्या कातडीला इथलं ऊन पुरत नाही. हिवाळ्यात तर ते कुणालाच पुरत नाही. मी कॅप्सूल आणल्या. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बाटली कॅमेऱ्यासमोर धरायला लावली, चष्मा चढवला आणि जिलेटिन पकडलं. रविवारी मटणाचा रस्सा ओरपणारी मी, पण बाळासाठी म्हणून कॅप्सूलपुरती सोवळ्यात गेले आणि शाकाहारी गोळ्या आणल्या.

लोहाच्या गोळ्या मात्र मी चोख घेतल्या. रोज, न चुकता, आल्याच्या कडक चहाबरोबर. पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिन तसूभर हललं नव्हतं. चहा लोह अंगी लागू देत नाही, संत्र्याच्या रसाबरोबर घे, असं मिडवाइफ म्हणाली. बिचारं लोह आत शिरायला बघत होतं आणि मीच त्याला रोज दारात चहा पाजून परत पाठवत होते.

शेजारच्या आजीबाईंनी यावर मार्माइटची बरणी आणून दिली. काळा, चिकट, मरणाचा खारट यीस्टचा अर्क. पहिला घास मी बेसिनमध्ये थुंकला आणि गोऱ्यांच्या चवीबद्दल नको ते बोलले. मग नवऱ्याने वाचून दाखवलं : लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईत आली. गिरणीकामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या ॲनिमियावर तिने परळच्या हाफकिन संस्थेत काम केलं, आणि असल्याच यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे 1931 मध्ये छापलं. त्या अर्कातला गुण म्हणजेच पुढे सापडलेलं फॉलेट, माझ्या गोळीतल्या फॉलिक ॲसिडचंच मूळ रूप. माझी पणजी लालबागची, गिरणीतली! परळात लागलेला शोध तिच्या पणतीला कळायला लेस्टरची मिडवाइफ लागली. मी मुकाट्याने बरणी पुन्हा उघडली. चव तीच होती.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले. आधी नुसतं ठरवलं आणि लगेच फॉलिक ॲसिड आणलं. पहिली गोळी घेऊन बाटली ओट्यावर ठेवली. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सासूबाई बोलता बोलता थांबल्या. "मागे ती कसली गं बाटली? जरा पुढे धर."

त्यांनी चष्मा चढवला. रात्रीपर्यंत नाशिकच्या मावशींचा अभिनंदनाचा फोन आला, आणि अळिवाची पुडी दुसऱ्या दिवशी पोस्टात पडली.