रणजित चढ्ढा, तुमची बायको ठणठणीत होती

श्री. रणजित चढ्ढा, सेल्स मॅनेजर,
‘पती पत्नी और वो’ (1978) यांस

चढ्ढासाहेब,

वर ‘सप्रेम’ लिहिलेलं नाही, खाली ‘आपली नम्र’ही येणार नाही. तुम्ही नुसते बायकोला सोडून दुसरीच्या नादी लागला असता तर मी शाई वाया घालवली नसती. तसले नवरे सिनेमात पुष्कळ झाले आणि सिनेमाबाहेर त्याहून जास्त. तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुम्ही हाताखाली नव्याने लागलेल्या मुलीला सांगितलंत, की माझ्या बायकोला कॅन्सर आहे, ती आता फार दिवस काढणार नाही. ते सांगताना चेहरा कसा पाडायचा, आवाज कुठे अडकवायचा, हे सगळं तुम्ही नीट बसवलं होतं. शारदा त्या वेळी घरात धडधाकट होती, तुमचा संसार ओढत होती, तुमच्या मुलाचं सगळं करत होती. आणि थिएटरभर लोक हसत होते. चाळीसहून जास्त वर्षं उलटून गेली तरी टीव्हीवर तो प्रसंग लागला की घरोघरी हसतात. मला त्याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

कॅन्सरच का निवडलात? घर सोडून निघून गेलेली बायको, वेडी बायको, भांडखोर बायको, काहीही सांगता आलं असतं. तुम्ही काळ बरोबर ओळखलात. 1970 साली ‘सफर’ आला, 1971 साली ‘आनंद’ आला. त्या दोन सिनेमांत राजेश खन्नाला त्या आजाराने मरताना पाहून लोक रडले होते. 1970 च्या दशकातल्या माणसाला कॅन्सर म्हटलं की पुढे प्रश्न विचारवत नसे. नाव काढायचं तर आवाज खाली यायचा, शेजारणी पोरांना आत पाठवायच्या. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 पासून उभं आहे. गावाकडून आलेली माणसं तिथल्या फुटपाथवर पथाऱ्या टाकून राहिलेली ज्याने पाहिली आहेत, त्याला तुमच्या विनोदाची चव कळते. तुम्ही त्या माणसांचं दुःख चोरलंत, संध्याकाळी हॉटेलात जाता यावं म्हणून.

आता त्या मुलीबद्दल, निर्मला देशपांडेबद्दल. सिनेमाच्या नावात तिला नावसुद्धा नाही, म्हणून मी ते मुद्दाम पूर्ण लिहिते आहे. आडनाव आमच्याकडचं आहे. त्या काळात टायपिंग-शॉर्टहँडच्या परीक्षा देऊन, लेडीज डब्यात उभ्याने प्रवास करून फोर्टातली, चर्चगेटची ऑफिसं गाठणाऱ्या असंख्य मराठी मुली होत्या. घरात तो पगार मोजून खर्चाला लागायचा. साहेबांशी चांगलं वागणं हा नोकरीचाच भाग मानला जायचा. अशा मुलीला साहेबच येऊन सांगतात की बायको मरणाच्या दारात आहे, तेव्हा ती काय करेल? तिला कीव येईल. निर्मलालाही आली. ती तुमच्या पैशावर भुललेली नव्हती, तिला तुमचं घर फोडायचं नव्हतं. तिच्या चांगुलपणालाच तुम्ही गळ लावलात. तुम्ही वरच्या खुर्चीवर, ती समोर वही-पेन्सिल घेऊन. तुमची सही तिच्या नोकरीवर चालणार. यालाच सिनेमाने प्रेमप्रकरण म्हटलं. कामाच्या ठिकाणी बाईला कसं वागवायचं याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात 1997 साली घालून दिले, त्यावर कायदा व्हायला 2013 उजाडलं. तुम्ही विशाखाच्या 19 वर्षं आधी खुर्ची उबवून घेतलीत, म्हणून सुटलात.

तुम्हाला माफ करायला लावलं ते तुमची भूमिका करणाऱ्या संजीवकुमारने. हे मान्य करायलाच हवं, कारण तो फार मोठा नट होता. ‘कोशिश’मध्ये एक शब्द न बोलता रडवणारा, ‘शोले’त हात नसलेल्या ठाकूरची आग नुसत्या डोळ्यांत दाखवणारा. त्या चेहऱ्यावर प्रेक्षकाचा विश्वास होता आणि तो सगळा विश्वास तुमच्या खोटेपणाच्या कामी आला. पोराबरोबर न्हाणीघरात गाणं म्हणणारा बाप लबाड कसा असेल, असंच वाटत राहतं. शारदा झालेल्या विद्या सिन्हा आणि निर्मला झालेल्या रंजिता यांनीही आपापली कामं जीव लावून केली. पटकथा कमलेश्वरांची, हिंदी कथेतला मोठा माणूस, त्यांना या पटकथेसाठी फिल्मफेअर मिळालं. इतकी गुणी माणसं एकत्र आली आणि त्यांनी तुमची वकिली केली, याचं जास्त वाईट वाटतं.

आणि दिग्दर्शक कोण, तर बी. आर. चोप्रा. त्यांनीच 1963 साली ‘गुमराह’ काढला होता. त्यात पाऊल वाकडं पडतं ते बायकोचं, माला सिन्हाचं. तिचं मूळचं प्रेम दुसऱ्यावर. बहीण वारल्यावर तिच्या मुलांसाठी म्हणून मेव्हण्याशी लग्न केलेलं. एवढं समजण्यासारखं कारण असूनही सिनेमा सुरू होतो तो रामायणाने, लक्ष्मणरेषेने. ती रेषा ओलांडली की काय होतं हे आधीच बजावून ठेवलेलं. पुढे नवरा तिला धडा शिकवायला आपल्याच सेक्रेटरीला तिच्या मागे लावतो. ती सेक्रेटरी हिला ब्लॅकमेल करते, हिची झोप उडवते. सगळं उघड झाल्यावर तोच नवरा उदार ठरतो.

तुमच्या वाट्याला मात्र लक्ष्मणरेषा आली नाही. तुमचा सिनेमा आदम आणि ईव्हपासून सुरू होतो. सफरचंद, मोह, पहिला पुरुष असाच होता, मग चढ्ढांचं काय चुकलं! बाई घसरली तर सीतेची आठवण द्यायची आणि पुरुष घसरला तर सृष्टीच्या आरंभाकडे बोट दाखवायचं. दिग्दर्शक एकच, मधे 15 वर्षं. दोन्हीकडे सेक्रेटरी ही साहेबाच्या हातातली वस्तू. एकीकडे बायकोला घाबरवायला, एकीकडे स्वतःला रिझवायला.

कायदाही तुमच्याच बाजूने बसला होता. भारतीय दंड संहितेचं 497 वं कलम 1860 पासूनचं. त्यात गुन्हा कुठला, तर दुसऱ्याच्या बायकोशी, त्या नवऱ्याच्या संमतीवाचून ठेवलेला संबंध. निर्मलाचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे तुम्ही काहीही केलं असतं तरी या कलमाखाली निर्दोष. ज्या बाईचा नवरा दुसरीकडे गेला तिला या कलमाखाली तक्रारच करता येत नसे. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केलं. घटस्फोटाचं दार मात्र शारदासाठी नुकतंच रुंद झालं होतं. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात व्यभिचाराचा एक प्रसंगही घटस्फोटाला पुरेसा झाला. तो सिद्ध करणं सोपं नव्हतं, पण शारदाने जिद्द सोडली नाही. लिपस्टिकचा रुमाल तिला सापडला, ती तुमच्या मागावर गेली, फोटो मिळवले, निर्मलाला जाऊन भेटली आणि तिच्या तोंडून स्वतःच्या मरणाची बातमी ऐकली. त्या भेटीत दोघी फसवलेल्या बाया समोरासमोर आहेत. अख्ख्या सिनेमातला खरा प्रसंग तोच. तिथे कॅमेरा आणखी दहा मिनिटं थांबायला हवा होता.

पण नाही थांबला. शारदा संसार मोडायला निघते आणि पटकथा तिला थांबवते. बाहेर पडून ती जाणार तरी कुठे होती? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 व्या कलमाखाली तेव्हा पोटगीची कमाल मर्यादा होती महिना 500 रुपये. ती मर्यादा उठली 2001 साली. दिवाणी कोर्टातून जास्त मिळू शकत होतं, पण तिथे वकील हवा आणि वर्षं हवीत. हे हिशेब तुमच्या विनोदी सिनेमात कोणी मांडत नाही. त्यात शारदा क्षमा करते, आणि आपण तिचं मन मोठं म्हणतो.

शेवट तर सगळ्यांत वाईट. निर्मलाच्या जागी नवी सेक्रेटरी येते, परवीन बाबी, आणि तुमचे डोळे पुन्हा लकाकतात. म्हणजे तुम्हाला पश्चात्ताप झालाच नव्हता. प्रेक्षक हसत हसत बाहेर पडावा म्हणून निर्मलाची नोकरी आणि शारदाची क्षमा, दोन्ही एका झटक्यात फुकट घालवली.

काळच तसा होता, असं तुमचे चाहते सांगतील. मग 1982 पाहा, अवघ्या चार वर्षांवर. ‘अर्थ’मधली पूजा नवरा परत आला तेव्हा विचारते, की मी असं वागले असते तर तू मला घेतलं असतंस का? तो खरं उत्तर देतो, नाही. ती त्याला परत पाठवते. त्याच साली मराठीत जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातल्या सुलभाला नोकरीहून घरी परत आल्यावर कळतं की आपल्यामागे नवऱ्याने दुसरी जवळ केली आहे, आणि ती घराबाहेर पडते. तेव्हा काळावर ढकलू नका. त्याच काळात दुसऱ्यांना दिसत होतं.

2019 साली तुमच्याच सिनेमाच्या नावाचा सिनेमा पुन्हा निघाला. त्यातल्या अभिनव त्यागीने कॅन्सर सोडला आणि प्रेयसीला सांगितलं, की माझ्या बायकोचंच बाहेर प्रकरण आहे. बायको मरणार होती, ती आता बदफैली झाली. 41 वर्षांत एवढीच सुधारणा.

तेव्हा साहेब, निर्मला देशपांडे यांची लेखी माफी मागा. साधं ‘चुकलो’ चालणार नाही. बायको आजारी नव्हती, मी खोटं सांगितलं, त्या खोट्यावर मी तुमचा विश्वास आणि तुमची नोकरी घेतली, असं स्वच्छ लिहा. आणि ते पत्र कंपनीच्या लेटरहेडवर असू द्या, कारण हा सगळा उद्योग तुम्ही कंपनीने दिलेल्या खुर्चीत बसून केलात.