बॅटरीला चार चाकं

नवी गाडी घेतली की शेजारीपाजारी पेढा तोंडात टाकता टाकता विचारतात, "किती देते?" आमच्या नानांनी विचारलं, "अल्टरनेटर किती अँपिअरचा?" आणि उत्तराची वाट न बघता बॉनेट उघडलं.

नाना हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन मिळवलेलं 'व्हीयू2'ने सुरू होणारं कॉलसाइन दारावरच्या पाटीवर नावाच्याही वर आहे. मोटार म्हणजे बॅटरीला बसवलेली चार चाकं, असं त्यांचं मत. त्यांच्या जुन्या मारुतीत बॅटरीपासून थेट आत आलेल्या दोन जाड वायरी आहेत, दोन्हींना बॅटरीलगत फ्यूज. लायटरचं सॉकेट? "ते मोबाइलवाल्यांसाठी! शंभर वॅटचा सेट बोलताना वीस अँपिअर ओढतो. ऐकताना बिचारा एक-दोनात भागवतो." हिशेब चोख, पण नाना ऐकतात कुठे, हा काकूंचा मुद्दा.

परवा सगळे सिंहगडावर गेलो. आम्ही पिठलं-भाकरीकडे वळलो, नाना झाडाकडे. दोरीला दगड बांधून फेकला, तो तिसऱ्या खेपेला फांदीवरून गेला. वीसेक मीटर तार टांगून, इंजिन बंद करून नाना बसले. चालू ठेवलं तर अल्टरनेटरची शिट्टी कानात येते म्हणे.

मी मडक्यातलं दही संपवून परतलो, तेव्हा चाळीस मीटर बँडवर बंगळूरचे कोणी सापडले होते. एवढ्या लांबून दोघं काय बोलत होते? आपापल्या बॅटरीचे व्होल्ट.

डॅशबोर्डवर चिकटवलेला मीटर 12.6 वरून 12.2 वर आला, मग 11.8 वर. "अजून चालतंय," नाना म्हणाले. सेट चालत होता, हे खरंच. गाडीची बॅटरी स्टार्टरला एक दणका द्यायला केलेली असते, तासन् तास पिळायला नव्हे, हे मला मागे त्यांनीच समजावलं होतं. त्यात ही तीन पावसाळे पाहिलेली.

किल्ली फिरवली. टक्. बस, एवढंच.

उतार होता म्हणून निभावलं. काकूंनी स्टिअरिंग धरलं, दुसरा गिअर टाकला, आम्ही ढकललं. गाडीने दोन गचके खाल्ले आणि सुरू झाली. पुन्हा बंद पडेल या धास्तीने काकू थांबल्याच नाहीत. वेटोळं केलेली तार खांद्यावर घेऊन नाना मागे धावत सुटले.

"अगं, अगं!" ते ओरडत होते. "व्होल्ट किती दाखवतोय?"